दूध भरपूर, तरी रक्त कमी : मुलांच्या ताटात काय काय पडायला हवं?

रंकाळ्याकाठची (गुरुवार, रात्री १०:१५)

आज लेकाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. वय साडेतीन वर्षं, हिमोग्लोबिन ८.९. या वयात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पटेचना. आमच्या घरात खायला-प्यायला कधीच कमी नाही. गावाकडून रोज म्हशीचं दूध येतं, अगदी साईचं. उठल्यावर एक पेला, बालवाडीतून आल्यावर एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. मोजलं तर रोज लिटरच्या आसपास जातं. पोरगं गुटगुटीत आहे, गल्लीत सगळे कौतुक करतात. फक्त सहा महिन्यांपासून चिडचिड वाढली होती, जिना चढला की उचलून घे म्हणायचा, आणि एकदा कुंडीतली माती खाताना सापडला. माती खाणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे मला आज कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं ते सांगा. मी सांगत गेले: दूध, दुधात बुडवून बटर (बेकरीचा कडक टोस्ट), डब्यात चपाती-साखर, दुपारी वरण-भात चार घास, दूध, बिस्किटं, रात्री दूध-चपाती, परत दूध. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं, "धान्य, दूध, चिमूटभर डाळ." एवढंच. मग म्हणाले, पोट भरतंय, पण ताटात बाकी कोणी येतच नाही.

दूध दिवसाला ४०० मिलीवर आणायला सांगितलंय. लोहाचं औषध सुरू केलंय आणि ते दुधाबरोबर द्यायचं नाही अशी ताकीद दिलीय. घरी हे सांगितल्यावर सासूबाईंना फार लागलं. या मुलावर त्यांचा जीव आहे. "दूध तोडून पोरगं सुकवायचं काय?" म्हणाल्या. त्यांना दोष देत नाही, मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं.

तुमच्या घरात भाजी, डाळ, अंडी, फळं हे सगळं मुलांच्या पोटात कसं जातं? आपल्याकडचे पदार्थ सांगा. ब्रोकोली आणि ओट्सचे तक्ते बघून मी दमलेय.

---

करवीरची सेविका (गुरुवार, रात्री १०:५८)

ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. मी १७ वर्षं अंगणवाडीत आहे, आणि दुधावर वाढलेली गोरी, गुबगुबीत, पण रक्त कमी असलेली मुलं मी दरवर्षी बघते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. त्यात खात्यापित्या घरांतली लेकरंही आहेत.

दूध वाईट नाही. पण दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: साडेतीन वर्षांच्या मुलाचं पोट त्याच्या ओंजळीएवढं. त्यात पेलाभर साईचं दूध गेलं की भाजी-भाकरीला जागा कुठे उरते? त्याला भूक लागतच नाही आणि आपण म्हणतो, पोरगं जेवत नाही, निदान दूध तरी देऊ.

आम्ही आयांना बोटांवर मोजायला शिकवतो. धान्य आणि कंद एक. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ दोन. दूध-दही-ताक तीन. मटण, चिकन, मासे चार. अंडं पाच. पालेभाज्या, गाजर, भोपळा, आंबा, पपई हे हिरवं-केशरी सहा. बाकीच्या भाज्या-फळं सात. आठवं आईचं दूध. ही जागतिक आरोग्य संघटनेची दोन वर्षांखालच्या बाळांसाठीची मोजणी आहे, त्यात दिवसाला आठांपैकी किमान पाच यायला हवेत. तुमचा मुलगा मोठा आहे, तरी बोटं मोजायला हीच पद्धत चालते. काल त्याची किती बोटं मिटली? दोन, फार तर अडीच.

सासूबाईंना दूध "तोडायचं" म्हणू नका. ४०० मिलीमध्ये त्याच्या वयाच्या कॅल्शियमची गरज जवळपास भागते, हे सांगा. आणि बाटलीत देत असाल तर बाटली आजच बंद करा.

---

तालमीतला (शुक्रवार, सकाळी ६:४०)

वहिनी, तुमच्या सासूबाईंची बाजू घेतो, राग मानू नका. हे कोल्हापूर आहे. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात आणि पहाटे धारोष्ण दुधाचे पेले माणसं उभ्या उभ्या रिचवतात. मी स्वतः पंधरा वर्षं तालमीत काढली. दूध, तूप, बदामाची थंडाई हाच आमचा खुराक. खासबागेत लढलेली पिढ्यान् पिढ्यांची माणसं याच खुराकावर तयार झाली. माझ्या पोराला तो दोन वर्षांचा असल्यापासून मी गंगावेशीत नेतो. दुधानं रक्त कमी होतं हे काही मनाला पटत नाही.

---

करवीरची सेविका (शुक्रवार, दुपारी २:१०)

दादा, तुमचा खुराक मला माहीत आहे, माझे भाऊ तालमीत होते. पण पहिलवान रोज हजार-हजार बैठका आणि जोर मारतो, आणि दुधाबरोबर मटण, अंडी, भाकरी, कांदाही खातो. त्याच्या पोटाला जागा आहे. लहानग्याच्या पोटात तोच पेला बाकी सगळं अडवून बसतो.

आणि धारोष्ण दुधाचं कळकळीनं सांगते, दोन वर्षांच्या मुलाला ते देऊ नका. म्हैस कितीही निरोगी दिसली तरी न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला, जनावरांचा क्षय, जुलाबाचे जंतू येऊ शकतात. लहान मुलांना ते जास्त बाधतं. उकळल्यानं दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं कुठेही जात नाहीत. गंगावेशीत जरूर न्या, म्हशी दाखवा, आणि दूध किटलीत घरी आणून उकळून द्या.

---

तालमीतला (शुक्रवार, रात्री ९:०५)

वाचलं. आज आमच्या वस्तादांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, लहान पोरं तालमीत यायची तेव्हा पहिलं वर्ष त्यांना भाकरी, डाळ, हरभरे आणि अंडी खायला लावायचो, दुधाचा मोठा खुराक मिसरूड फुटल्यावर. हे मी विसरूनच गेलो होतो. उद्यापासून पोराचं दूध उकळूनच. त्याचंही रक्त एकदा तपासून घेतो.

---

आज्जी, कसबा बावडा (शनिवार, सकाळी ११:२०)

(नातीनं लिहून घेतलंय, आज्जी बोलतीय तसंच.)

लेकी, मी सांगतो ते नीट आईक. आमच्या वक्ताला पोरांस्नी दूध कुठलं? दूध डेअरीला जायचं. घरात ऱ्हायचं ते ताक. मग पोरं काय खायची? सकाळी नाचणीची न्हाईतर जोंधळ्याची आंबील. दुपारी भाकरी आनि कोरड्यास. कोरड्यास म्हंजे रोज येगळं. पोकळा, तांदळ, ताकातला चाकवत, मुगाची डाळ घालून शेपू, शेवग्याचा पाला, थंडीत हरभऱ्याचा खुडलेला पाला. पालेभाजी न्हाई तवा वरणा, पावटा, काळा घेवडा, मटकी. पावसाळ्यात हुलग्याचं माडगं, ते प्यालं की अंगात ऊब. शेंगा तर खळ्यावरनं आल्या की पोरांच्या खिशातच. बोरं, चिंचा, पेरू, जांभळं, करवंदं रानात. फळ म्हनून इकत कोन आनत न्हवतं.

आता कपिलतीर्थाच्या मंडईत जावा, पोकळ्याची जुडी तशीच पडून असती. तरण्या बायका फ्लॉवर आनि बटाटा घिऊन जात्यात. पोकळा निवडायला येळ लागतो, खरं हाय. मी टीव्ही बघत निवडतो.

पर एक खरं सांगतो. जुनं समदं चांगलं हुतं असं म्हनू नगा. आमच्यातबी कैक लेकरं रोडकी ऱ्हायली. बायांनी तर आधी गड्यांस्नी वाढायचं, मग पोरांस्नी, मग हंडीत उरंल ते आपुन. तवा जे कमी पडलं ते आता तुमच्या पोरांस्नी पडू दिऊ नगा.

---

नव्या राजवाड्यामागची (शनिवार, दुपारी १२:०२)

आज्जी, "हंडीत उरंल ते आपुन" वाचून माझी आई आठवली.

रंकाळ्याकाठची ताई, माझा अनुभव सांगते. माझ्या मुलीचं असंच झालं होतं, ९.४. आमच्याकडे रोज सकाळी नाष्ट्याला चहा-बटर असायचं, तिलाही बशीत चहा मिळायचा. चहा तेवढा पूर्ण बंद केला. चहातला तुरटपणा लोह धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. त्याऐवजी अंड्याची पोळी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका अंड्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त काम होतं.

---

गुऱ्हाळघर (शनिवार, संध्याकाळी ७:३३)

रक्त वाढवायला गूळ-शेंगदाणे द्या, असं इथं कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच आधी बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ आहे. काहिलीतून उतरलेला गरम गूळ आणि काकवी खाऊनच आम्ही मोठे झालो, आणि कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे. तरीसुद्धा गूळ हे रक्ताचं औषध नाही.

हिशोब करा. १०० ग्रॅम गुळात लोह साधारण ५ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. मुलाला सुपारीएवढा खडा दिला तर तो १० ग्रॅमचा, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज ८ ते ११ मिलिग्रॅम. आणि गूळ शेवटी साखरच. दिवसाला वरून घातलेली साखर-गूळ-मध मिळून या वयाला ३० ग्रॅमच्या आत असावी, त्याहून निम्मी असेल तर आणखी चांगलं. चपाती-साखर, बिस्किटं, दुधात दोन चमचे, एवढ्यावरच ती संपते.

शेंगदाणे मात्र द्या. पण चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोत, श्वासनलिकेत अडकतात. आमच्या भावकीत एकाला त्यासाठी रात्री दवाखान्यात पळवावं लागलं होतं. कूट करून भाजीत, चटणीत, लाडवात घाला. तीळ, जवस, कारळं यांच्या चटण्यासुद्धा, पोरांसाठी बिनतिखटाच्या.

---

मटणप्रेमी (रविवार, दुपारी ३:१५)

रविवार आहे, रस्सा शिजतोय, म्हणून हा विषय. आमच्याकडे मुलांना तांबड्या रश्शात भाकरी कुस्करून देतात, डोळ्यातून पाणी काढत पोरं खातात आणि पुढच्या रविवारी मटणाचं नाव काढलं की पळतात. त्या रश्शात तिखट आणि तेलाचा तवंगच जास्त, फोडी मोठ्यांच्या ताटात.

मी आता असं करतो. हळद-मीठ-आलं-लसूण लावून मटण शिजलं की चटणी (तिखट मसाला) घालायच्या आधीच मुलांचा वाटा बाजूला काढायचा. चार मऊ फोडी, बारीक तोडून, थोडी अळणी यखनी, वर लिंबू. पांढरा रस्सा असेल तर तो बिनमिरचीचा. कलेजीचा एक छोटा तुकडा आठवड्यातून एकदा, त्यापेक्षा जास्त नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. मटणातलं लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज उचलतं. दोन फोडी डाळ-भाताबरोबर खाल्ल्या तर डाळीतलंसुद्धा जास्त लागू पडतं.

मिसळीलाही हेच. मोडाच्या मटकीची उसळ कट घालण्याआधी काढून घ्या. मटकी उत्तमच आहे, मोड आल्यावर तर अधिक.

---

शाकाहारी घर, शाहूपुरी (रविवार, रात्री ८:४७)

आमच्याकडे अंडंही चालत नाही, म्हणून हा धागा वाचताना जरा एकटं वाटत होतं. माझ्या दोन्ही मुली आता शाळेत जातात, हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे. पण ते आपोआप झालेलं नाही.

डाळ किंवा उसळ दोन्ही वेळा. पातळ वरणाचं पाणी नव्हे, घट्ट. आमच्याकडे पूर्वी मुलीला "डाळ दिली" म्हणजे वरचं निवळ दिलेलं असायचं, खालची डाळ तशीच राहायची. प्रत्येक जेवणात आंबट काहीतरी: लिंबू, कच्चा टोमॅटो, थंडीत आवळा, पेरूची फोड. क जीवनसत्त्व असेल तर भाजीतलं लोह कितीतरी जास्त अंगी लागतं. पालेभाजी लोखंडी कढईत परतते. नाचणी आठवड्यातून तीन-चार वेळा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहासुद्धा नाही. म्हणून दूध कमी झालं तर हाडांचं काय, ही भीती असेल तर गगनबावडा-राधानगरीकडची नाचणी आणा, लक्ष्मीपुरीत मिळते.

ब-१२ मात्र भाजीपाल्यात मिळत नाही. आमच्यासाठी दूध, दही, ताक हाच आधार, म्हणून आम्ही दूध बंद करत नाही, दोन छोट्या पेल्यांवर ठेवतो. आणि धाकटीचं ब-१२ एकदा कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं. त्यात कमीपणा मानू नका.

---

मास्तर, भुदरगड (सोमवार, दुपारी १:५०)

प्राथमिक शाळेत आहे. आमच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. यातली ५० ग्रॅम भाजी बहुतेक आयांना आश्चर्याची वाटते. मी एकदा पालकसभेत तराजू आणून तेवढी भाजी मोजून दाखवली. "घरी एवढी अख्ख्या घराला होते," असं एक जण बोलली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही सांगितलंय की दिवसाच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आतच असावा. आपल्याकडे भात, चपाती, पोहे, चिरमुरे, बटर, बिस्किट हे सगळं एकाच डब्यातलं आहे, नावं वेगळी. आईला वाटतं पोरानं पाच पदार्थ खाल्ले.

आणखी एक. वर्गात मी बघतो, ज्या मुलाला घरी दटावून भरवतात तो डबा उघडतानाच तोंड पाडतो. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. नवी भाजी मूल पहिल्या दिवशी थुंकणारच. दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर मग एखाद्या दिवशी उचलतं.

---

रंकाळ्याकाठची (सहा आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९:३०)

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. आज रिपोर्ट आला, १०.३. औषधाचा वाटा मोठा आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की ११ च्या वर गेलं तरी औषध दोन-तीन महिने चालूच ठेवायचं, साठा भरायला.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. दुधासाठी रडायचा, जमिनीवर लोळायचा. रात्रीचा पेला बंद केला तेव्हा सासूबाई दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो स्वतः स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, भूक." साडेतीन वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी अर्धी भाकरी, मुगाची उसळ आणि लिंबू खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सासूबाईंच्याही.

आता सकाळी अंडं. डब्यात कधी शेपूची धिरडी, कधी दाण्याचं कूट घातलेली गाजर-चपाती. मधल्या वेळेला पेरू किंवा केळं. मटणाचा वाटा चटणीआधी बाजूला. दूध सकाळी एक, संध्याकाळी एक, छोट्या पेल्यातून. पोकळा अजून थुंकतो. आज अकरावी वेळ होती.

बोटं मोजायचं काम सासूबाईंनी घेतलंय. रात्री त्याची बोटं धरून मोजतात, "हे भाकरीचं, हे डाळीचं, हे अंड्याचं." काल पाचवं बोट मिटायचं राहिलं म्हणून झोपायच्या आधी त्यांनी उठून पपईची फोड कापली.

आज्जी, तुम्ही सांगितलेल्या आंबिलीला मी दोनदा प्रयत्न केला, गुठळ्या होतात. आणि वरणा लक्ष्मीपुरीतून आणलाय, तो किती वेळ भिजवू?

---

आज्जी, कसबा बावडा (गुरुवार, सकाळी ८:१०)

पोराची दृष्ट काढ आधी.

आंबिलीचं पीठ गरम पान्यात टाकू नगं. राती गार पान्यात न्हाईतर ताकात कालवून ठेव, सकाळी आधान उकळलं की बारीक धार धर आनि उलथनं थांबवू नगं. गार झाल्यावर ताक, जिरं, ठेचलेला लसूण. वरणा रातभर भिजव, सकाळी फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी बारीक मोड दिसला की सोलून शिजव. पोराचा वाटा चटणीआधी काढ, आनि त्यात ओलं खोबरं घाल जरा.